रिको जीआर थ्री, दीड वर्ष वापरल्यावर: कॅमेरा, रस्ता आणि फोटोला किती हात लावायचा

हा रिव्ह्यू मी खरं तर वर्षभरापूर्वीच लिहायला घेतला होता. अर्धा लिहूनही झाला होता, त्यात वजन, सेन्सर, बॅटरी सगळं होतं, पण वाचताना सारखं वाटायचं की मला जे सांगायचंय ते यात नाहीच. या कॅमेऱ्याने माझं सगळ्यात मोठं काम केलं ते म्हणजे रस्त्यावर काढलेला फोटो घरी आणल्यावर त्याला किती हात लावायचा, हा जो माझा कित्येक वर्षांचा घोळ होता तो बराचसा सुटला. आणि ही गोष्ट स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात कुठेच लिहिलेली नसते. म्हणून सगळं नव्याने लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी कॅमेरा. जीआर थ्री २०१९ मध्ये आला, म्हणजे आता जुनं मॉडेल झालं, २०२१ मध्ये त्याचाच थोडं जवळचं दाखवणाऱ्या ४० मिमी लेन्सचा भाऊ थ्रीएक्स आला आणि २०२५ मध्ये जीआर फोर. पण हे घराणं त्याच्याही खूप आधीचं, फिल्मवाला जीआर वन १९९६ चा आहे, आणि जपानी फोटोग्राफर दाइदो मोरियामासारखा माणूस, ज्याचे खरखरीत, काळेकुट्ट फोटो बघून आमच्यासारख्या कित्येकांना रस्त्यावर उतरावंसं वाटलं, तो वर्षानुवर्षं हेच छोटे कॅमेरे घेऊन फिरलाय. माझा पीस सेकंडहँड आहे, आणि मला त्याचं काहीच वाटत नाही.

वजन बॅटरी आणि कार्डसकट २५७ ग्रॅम. बंद केला की लेन्स आत जाते आणि कॅमेरा जीन्सच्या खिशात बसतो, खरंच बसतो, उगाच म्हणायचं म्हणून म्हणत नाहीये. आणि एवढ्याशा डबीत एपीएस-सी सेन्सर आहे, २४ मेगापिक्सेल, म्हणजे बऱ्याच मोठ्या कॅमेऱ्यांत असतो तेवढाच. लेन्स एकच, बदलता येत नाही, झूम होत नाही, १८.३ मिमी एफ २.८, फुलफ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशोबात २८ मिमी. बटण दाबल्यापासून कंपनीच्या आकड्याप्रमाणे ०.८ सेकंदात तयार. खिशातून काढता काढता अंगठ्याने चालू करायचा, डोळ्यासमोर येईपर्यंत तो फोटो काढायला तयार असतो.

आता हे खिशात बसणं एवढं महत्त्वाचं का, तर माझ्याकडे आधी मोठा कॅमेरा होता, त्याला मोठी लेन्स, आणि तो वर उचलला की समोरची माणसं बदलायची. कुणी केस सारखे करायचं, कुणी मान फिरवायचं, कुणी एकदम पोझ द्यायचं, आणि ज्या क्षणासाठी मी थांबले होते तो तिथेच संपायचा. या कॅमेऱ्याकडे लोक बघून न बघितल्यासारखं करतात, शटर लेन्समध्येच असल्यामुळे आवाजही जवळजवळ नाही. पण इथे एक गोष्ट मला अगदी मनापासून सांगायचीय, छोटा आहे म्हणून चोरून काढायचा असं मी करत नाही. मी तो उघडपणे हातात धरते, डोळ्याच्या नाहीतर छातीच्या उंचीवर, कुणी बघितलं तर हसते, विचारलं तर स्क्रीनवर फोटो दाखवते, आणि कुणी नको म्हणालं तर त्यांच्यासमोरच डिलीट करते. कायदा काय म्हणतो ते प्रत्येक देशात वेगळं आहे आणि ते आपण जिथे असू तिथलं माहीत करून घ्यायलाच हवं, पण समोरच्याच्या चेहऱ्यावर अवघडलेपण दिसलं तर मला कायदा आठवायची गरज पडत नाही.

आता स्नॅप फोकस, ज्याच्यासाठी मी हा कॅमेरा घेतला. ऑटोफोकस आहे याला, बराही आहे, पण रस्त्यावर दोन माणसं एकमेकांकडे वळून बघतात तेवढ्या वेळात कॅमेऱ्याने आधी चौकट शोधायची मग फोकस करायचा मग क्लिक, एवढा वेळच नसतो. स्नॅप फोकसमध्ये आपण आधीच अंतर ठरवून टाकतो, १ मीटर, दीड, २, अडीच, ५, आणि बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा काहीही न शोधता थेट त्या अंतरावर फोटो काढतो. अर्धं दाबलं तर नेहमीचा ऑटोफोकस, पूर्ण दाबलं तर स्नॅप, दोन्ही एकाच बटणावर. आता यातला हिशोब सांगते कारण मला तो कुणी नीट सांगितला नव्हता आणि मी दोन महिने उगाच धडपडले. लेन्स १८.३ मिमीची म्हणजे वाइड, त्यामुळे एफ ८, म्हणजे लेन्सचं भोक बरंच लहान ठेवलं आणि स्नॅप अडीच मीटरवर लावलं तर साधारण १.२ मीटरपासून पुढे थेट अनंतापर्यंत सगळं पुरेसं शार्प येतं, म्हणजे फोकस हा विषयच डोक्यातून जातो. प्रकाश कमी असेल तर एफ ५.६ वर २ मीटर, मग सव्वा मीटर ते जवळजवळ साडेपाच मीटर एवढा पट्टा मिळतो, आणि रस्त्यावरची बहुतेक माणसं त्याच पट्ट्यात असतात. शटर कमीत कमी १/२५० सेकंदाला बांधून ठेवायचं, चालणाऱ्या माणसांसाठी मी १/५०० ठेवते, आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ऑटोवर सोडून द्यायचा. एवढं एकदा लावून ठेवलं की उरतं ते फक्त दोन मीटर म्हणजे किती हे डोळ्याला शिकवणं, आणि ते घरात सोफ्यापासून दारापर्यंत टेप टाकून मोजत मोजत जमतं, मी तसंच केलं.

२८ मिमीबद्दल. पहिले काही आठवडे मला हे अंतर अजिबात झेपलं नाही, प्रत्येक फोटोत अर्धा फोटो रस्ता आणि अर्धा आकाश, आणि ज्याच्यासाठी काढला तो माणूस मध्ये कुठेतरी ठिपक्याएवढा. उपाय एकच, जवळ जाणं. आणि ते जमेपर्यंत मी घरी येऊन प्रत्येक फोटो क्रॉप करायचे, म्हणजे कडा कापायचे. कॅमेऱ्यातही ३५ आणि ५० मिमीचे क्रॉप मोड आहेत, ३५ ला साधारण १५ मेगापिक्सेल उरतात आणि ५० ला ७ च्या आसपास, ३५ पर्यंत मला चालतं, ५० ला प्रिंट काढताना हात आखडतो.

क्रॉप म्हणजे एडिटिंग का, हा वाद आम्हा फोटो काढणाऱ्यांत कधीच संपत नाही. काही जण क्रॉपला पापच समजतात आणि फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेतात, की तो क्रॉप करत नसे. बरोबर आहे, शक्यतो करत नसे, पण त्याचा सगळ्यांना माहीत असलेला जो फोटो आहे, १९३२ चा, डबक्यावरून उडी मारणारा माणूस, तोच क्रॉप केलेला आहे, कुंपणाच्या फटीतून काढल्यामुळे डावीकडे फळी आली होती ती कापली. मला स्वतःला क्रॉपचं भय वाटत नाही, एकच गोष्ट बघते, की कडेचं जे कापतेय त्याने फोटोतल्या घटनेचा अर्थ बदलतोय का. फळी कापल्याने उडीचा अर्थ बदलत नाही. पण दोन माणसं भांडतायत आणि मी एकाला कापून दुसऱ्याचा नुसता ओरडणारा चेहरा ठेवला, तर दोघांच्या भांडणाला मी एकट्या त्याचाच राग ठरवू शकते, आणि हे कुठलंही सॉफ्टवेअर न वापरता.

जे नाही ते पटकन सांगून टाकते. व्ह्यूफाइंडर नाही, मागच्या स्क्रीनवरच बघायचं, आणि ती स्क्रीन हलत नाही, रणरणत्या उन्हात अंदाजानेच फ्रेम करावी लागते. फ्लॅश नाही, आधीच्या मॉडेलमध्ये होता, यात काढून टाकला. धूळ-पावसापासून सीलिंग नाही, त्यामुळे पावसातले फोटो ज्यांना जीव की प्राण आहेत त्यांनी विचार करा. बॅटरी मोजणीच्या मानकाप्रमाणे एका चार्जमध्ये साधारण २०० फोटो, म्हणजे दिवसभर फिरायचं तर खिशात अजून दोन हव्यातच. हे सगळं घ्यायच्या आधी माहीत होतं आणि मी ते मान्य करून घेतला. उलट लेन्समध्ये दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काच, आत बसवलाय आणि सेन्सरला तीन अक्षांचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय, आहे, एवढ्या आकारात हे मिळणं म्हणजे भारीच आहे. संध्याकाळी १/१५ ला माणूस स्थिर उभा असेल आणि आजूबाजूची गर्दी वाहत असेल असे फोटो मी हातात धरून काढलेत.

आता फाइल आणि एडिटिंग, जो या सगळ्याचा गाभा आहे.

मी रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) आणि जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो) दोन्ही एकदम काढते. जेपेगसाठी कॅमेऱ्यात इमेज कंट्रोल नावाचे रेडीमेड रंग आहेत, त्यातलं पॉझिटिव्ह फिल्म मला फार आवडतं, रंग दाट पण आरडाओरडा नाही, आणि हाय कॉन्ट्रास्ट बी अँड डब्ल्यू तर या कॅमेऱ्याची ओळखच आहे, सावल्या पार कोळशासारख्या. प्रत्येकात सॅच्युरेशन, कॉन्ट्रास्ट, क्लॅरिटी (बारकावे ठळक करणं), ब्लॅक-व्हाइटमध्ये ग्रेन वगैरे आपल्या मनासारखं लावून ठेवता येतं. रॉ फाइल १४ बिटची डीएनजी, त्यात सावलीतला तपशील दोन स्टॉप वर काढला तरी फाटत नाही. हायलाइट, म्हणजे फोटोतला सगळ्यात उजळ भाग, मात्र एकदा गेला की गेला, म्हणून मी मीटरिंग, म्हणजे प्रकाशाची मोजणी, उजळ भाग जपणाऱ्या हायलाइट-वेटेडवर ठेवते आणि फोटो थोडा काळोखाच काढते, नंतर उजळता येतो.

पहिले सहा-आठ महिने मी काय करायचे तर घरी आले की लगेच लॅपटॉप उघडून सगळे स्लायडर सगळीकडे. क्लॅरिटी वर, टेक्स्चर वर, सावल्या उघड्या, कडांना काळी झालर, आकाश वेगळं निवडून गडद. आणि लोकांना ते आवडायचं, हे खरंच आहे, लाइक यायचे. एकदा एका म्हाताऱ्या बाईचा फोटो होता, जिन्यावर बसून चपलेचा पट्टा लावत होती, चेहऱ्यावर नुसती एकाग्रता, दुसरं काहीच नाही. मी तिच्या चेहऱ्यावर क्लॅरिटी एवढी ओढली की सुरकुत्या नांगरल्यासारख्या दिसायला लागल्या, गालाखाली काळोख उतरला, आणि फोटोखाली सगळे लिहायला लागले की बिचारी, किती सोसलं असेल, डोळ्यांत किती दुःख आहे. अहो ती चप्पल घालत होती! मी तिथे होते, दुःखबिख काही नव्हतं, पट्टा लागल्यावर ती चटकन उठून नातवाच्या मागे धावत गेली होती. ते दुःख मी स्लायडरने तयार केलं होतं आणि एका अनोळखी बाईच्या चेहऱ्यावर चिकटवलं होतं, आणि तिला हे कधी कळणारही नाही. तो फोटो मी काढून टाकला. तेव्हापासून माणसाच्या चेहऱ्यावर क्लॅरिटी लावताना माझा हात थांबतो, आणि त्याच न्यायाने उलटंही, कातडी गुळगुळीत करणं, रंग उजळ करणं, हे तर मी कधीच करत नाही. ज्याचा रंग जो आहे तो आहे. व्हाइट बॅलन्स चुकून चेहरा निळा पडला असेल तर तो दुरुस्त करायचा, पण गोरा करायचा नाही.

आणि मग तो प्लॅटफॉर्मवरचा फोटो.

रेल्वेची वाट बघत एक बाप उभा होता, त्याच्या खांद्यावर चार-पाच वर्षांची मुलगी गाढ झोपलेली, एक चप्पल पायात, एक त्याच्या हातात. आणि तो हसत होता, अगदी हळू, मुलगी उठू नये असा. मी दीड मीटरवर होते, एक फोटो मिळाला, दुसरा काढेपर्यंत गाडी आली. घरी बघितलं तर सगळं सुंदर, फक्त डाव्या कडेला एका माणसाचं अर्धं डोकं आणि उचललेला हात, थोडा आउट ऑफ फोकस. क्रॉप केलं तर मुलीचे पाय कापले जात होते. मग फोनमधलं एक ॲप होतं, बोटाने गोल केला की माणूस गायब आणि मागची भिंत आपोआप भरून निघते, मी तेच केलं, दहा सेकंदात काम झालं. मला आठवतंय की मी खूश झाले होते, स्वच्छ दिसत होता फोटो.

तीन महिन्यांनी माझी एक मैत्रीण घरी आली होती, तिला दाखवला. तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, अगं छानच आहे, पण हा हसतोय कुणाकडे बघून? मी म्हटलं असंच, मुलगी झोपलीय म्हणून. ती म्हणाली, नाही गं, नजर बघ, समोर कुणीतरी आहे.

मी मूळ फाइल उघडली. कडेला जे अर्धं डोकं होतं ते नुसतं डोकं नव्हतं, तो माणूस हाताचा तळवा गालाला लावून मान कलती करून उभा होता, आपण लांबून एखाद्याला न बोलता विचारतो ना, "झोपली का?", तसा. आणि बाप त्याला हसून उत्तर देत होता. दोघं एकमेकांना ओळखत होते की नाही मला माहीत नाही, बहुतेक नसावेत. मी प्रश्न पुसून टाकला होता आणि नुसतं उत्तर ठेवलं होतं.

मला त्या रात्री फार वाईट वाटलं, कारण मी तिथे होते, माझ्या डोळ्यांदेखत हे घडलं होतं, आणि मी ते पाहिलंच नव्हतं, कॅमेऱ्याने पाहिलं होतं. म्हणजे कडेला जे आलंय ते कचरा आहे हे ठरवण्याएवढंही मला त्या क्षणाबद्दल माहीत नव्हतं.

बातम्यांच्या जगात याबद्दल नियम कडक आहेत आणि आधी मला ते अती वाटायचे. २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पुलित्झर हा पत्रकारितेचा पुरस्कार मिळालेल्या एका फोटोग्राफरशी संबंध तोडले, कारण सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता तो त्याने पुसला होता. फक्त कोपऱ्यातला एक कॅमेरा, लढणाऱ्या माणसाला हातही लावला नव्हता. तेव्हा मी म्हणायचे एवढ्यासाठी एवढं? आता प्लॅटफॉर्मच्या फोटोनंतर मला ते पूर्ण पटतं. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत तर शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के एंट्री याच कारणाने बाद झाल्या, काही भर घातलेली, काही पुसलेलं, काही ठिकाणी सावल्या एवढ्या काळ्या केलेल्या की आतल्या वस्तूच नाहीशा झाल्या. आणि त्याच वर्षी रॉयटर्स या वृत्तसंस्थेने फ्रीलान्सरना सांगितलं की रॉवरून प्रोसेस केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून निघालेलं जेपेगच पाठवा. मी काही पत्रकार नाही, माझ्या फोटोने कुठली बातमी खोटी ठरणार नाही, पण कॅन्डिड, म्हणजे सहज घडताना टिपलेलं, म्हणून दाखवायचं असेल तर बघणारा एका विश्वासाने बघतो की हे असं घडलं होतं, आणि तो विश्वास बातमीच्या फोटोपेक्षा माझ्या फोटोत कमी किमतीचा आहे असं मला वाटत नाही.

मग या कॅमेऱ्याने काय मदत केली? यात रॉ फाइल कॅमेऱ्यातच डेव्हलप करता येते. प्लेबॅकमध्ये जाऊन फोटो निवडायचा, आणि ब्राइटनेस, व्हाइट बॅलन्स, इमेज कंट्रोल, हायलाइट-सावल्यांची दुरुस्ती, नॉइज, कडांचा काळोख, एवढं बदलून नवीन जेपेग बनवायचं, मूळ फाइल तशीच राहते. बस. खोडरबर नाही, माणूस गायब करायचं बटण नाही, आकाश बदलायचं नाही, एकट्या चेहऱ्यावर वेगळा प्रकाश टाकायचा ब्रश नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हे फारच तोकडं वाटलं होतं. त्या रात्रीनंतर मी ठरवलं की तीन महिने लॅपटॉप उघडायचाच नाही, जे काय एडिट करायचं ते कॅमेऱ्यातच, बसमध्ये बसून, छोट्या स्क्रीनवर. आणि गंमत म्हणजे मला जे हवं होतं त्यातलं बहुतेक सगळं त्यात झालं. प्रकाशाने आणि लेन्सने जे कमीजास्त केलं होतं ते सारखं करता येत होतं, आणि समोर जे घडलं त्याला हात लावता येत नव्हता, कारण हत्यारच नव्हतं. मी जी रेष शोधत होते ती मला या मेनूत आयती आखलेली सापडली.

तीन महिने संपल्यावर लॅपटॉपवर परत आले, कारण मोठ्या स्क्रीनवर टोन बघायला शेवटी बरंच पडतं आणि फोटोतले धुळीचे डाग शोधणंही सोपं जातं, पण सवय तीच राहिली. आता एका फोटोला मला दोन-तीन मिनिटं लागतात. उजेड, व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट, क्षितिज तिरकं असेल तर सरळ, गरज असली तर थोडा क्रॉप. सेन्सरवरच्या धुळीचा डाग आकाशात दिसला तर तो मी पुसते, बिनधास्त, कारण तो रस्त्यावर नव्हता, माझ्या कॅमेऱ्यात होता. विजेच्या तारा, कचऱ्याचा डबा, मागे उभी गाडी, कुणाची पिशवी, हे रस्त्यावर होतं म्हणून राहतं. आधी मला तारांचा इतका राग यायचा, आता त्या फ्रेममध्ये कशा बसवायच्या हे मी काढतानाच बघते, एक पाऊल डावीकडे सरकलं की तार डोक्यातून जात नाही. पुसता येणार नाही हे पक्कं झाल्यावर पायांना हलायची सवय लागली, आणि यामुळे माझे फोटो सुधारले असं मला खात्रीने वाटतं.

काही गोष्टी अजूनही मधल्याच आहेत. ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे तर सगळे रंगच काढून टाकले, मग तो मोठ्ठा बदल नाही का? आहे, पण बघणाऱ्याला तो दिसतो, जग काळंपांढरं होतं असं कुणी समजत नाही. पुसलेला माणूस मात्र दिसत नाही, तिथे फरक आहे. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते, की मी यात काय केलं हे बघणाऱ्याला शेजारी बसून सांगितलं तर त्याला फसवल्यासारखं वाटेल का. उजेड वाढवला म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही. इथे एक माणूस होता म्हटलं की चेहरा बदलतो. दुसरं म्हणजे लहान मुलं. कुणाची ओळख झाकायची असेल तर चेहरा ब्लर करण्यापेक्षा तो फोटो मी सरळ दाखवतच नाही, माझ्या ड्राइव्हवर राहतो. आणि हाय कॉन्ट्रास्ट ब्लॅक अँड व्हाइटबद्दल माझं मन अजून ठरत नाहीये, दिसायला इतकं देखणं असतं की सावलीत काय काय गिळलं गेलं ते बघायचंच राहून जातं. म्हणून ते मी फक्त जेपेगवर लावते, रॉ शेजारी असतेच, आणि निवडताना दोन्ही एकत्र उघडून बघते.

अजून एक सवय सांगते जिचा कॅमेऱ्याशी संबंध नाही पण एडिटिंगशी फार आहे. मी त्याच दिवशी फोटो निवडत नाही, किमान दोन आठवडे थांबते. अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड मुद्दाम रोल कित्येक महिने, वर्ष वर्ष धुवायचाच नाही, काढतानाच्या मूडचा परिणाम निवडीवर होऊ नये म्हणून. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्यामागे सुमारे २५०० रोल न धुतलेले होते, ते अर्थात टोक झालं. पण कल्पना खरी आहे. त्याच दिवशी बघितलं की मला फोटोत नसलेलंही दिसतं, किती ऊन होतं, किती वेळ थांबले होते, आणि मग ते नसलेलं मी स्लायडरने फोटोत भरायला जाते. दोन आठवड्यांनी फक्त फोटो उरतो. जो साधा उघडल्यावरही थांबवतो त्याला फारसं काही करावं लागत नाही, आणि ज्याला वाचवण्यासाठी अर्धा तास घालवावासा वाटतो तो बहुतेक वेळा मुळातच फसलेला असतो, आता मी तो सोडून देते. दीड वर्षात साधारण अकरा हजार क्लिक झाले असतील, त्यातले प्रिंट काढण्याजोगे मला चाळीसच वाटतात.

घ्यावा का? तुम्ही माणसांच्या जवळ जाऊन फोटो काढत असाल किंवा काढायला शिकायचं असेल, आणि रोज बरोबर राहील असा एकच कॅमेरा हवा असेल तर नक्की घ्या, सेकंडहँड चांगला मिळाला तर तोच घ्या. लांबून काढायचे असतील, पक्षी, खेळ, लग्न, तर हा तुमचा नाही. २८ खूपच रुंद वाटत असेल तर थ्रीएक्स बघा, ४० मिमीला एक पाऊल मागे राहता येतं. चालू केल्यावर पहिलं काम म्हणजे स्नॅप दोन मीटर, फुल प्रेस स्नॅप ऑन, रॉ प्लस जेपेग, हायलाइट-वेटेड मीटरिंग, आणि आवाज बंद. आणि महिनाभर तरी एडिट फक्त कॅमेऱ्यातच करून बघा.

प्लॅटफॉर्मचा फोटो मी परत मूळ फाइलवरून केला. अर्धा स्टॉप उजेड, थोडा पिवळेपणा कमी, क्रॉप नाही. प्रिंट काढायला दिली तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं, डावीकडचं हे कापू का, मध्ये येतंय. मी म्हटलं नको, तसंच ठेवा. आता ती टेबलासमोरच्या भिंतीवर आहे, कडेला तो अर्धा माणूस, गालाला हात लावून.